वाहन ठरते ते वाईट दिवशी

हिवाळ्यात सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात : कौतुक नाहीतर कीव. कौतुक करणारे त्याला धाडसी म्हणतात, कीव करणारे हट्टी. दोघांचेही गृहीतक एकच असते. सायकल हे चांगल्या हवेचे वाहन आहे, हवा बिघडली की शहाण्या माणसाने ती जिन्याखाली लावून ठेवावी. गंमत अशी, की हाच युक्तिवाद आपल्याकडे उलट्या बाजूने चालतो. युरोपात हवा थंड असते म्हणून तिथे सायकल जमते, आपल्या उन्हात कशी जमणार, असे आपण म्हणतो. थंड देशातले लोक थंडीकडे बोट दाखवतात आणि उष्ण देशातले उन्हाकडे. एकाच वस्तुस्थितीची दोन परस्परविरुद्ध कारणे दिली जात असतील, तर खरे कारण तिसरेच काहीतरी असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

माझा दावा असा आहे. हिवाळ्यातली सायकल हा वाहतूक धोरणाच्या कडेला पडलेला, मूठभर हौशी लोकांचा विषय समजला जातो; प्रत्यक्षात सायकलीचे सगळे भवितव्य तिथेच ठरते. कारण कुटुंब आपले वाहन निवडते ते वर्षातल्या सर्वांत सुखद दिवसाकडे पाहून निवडत नाही, सर्वांत वाईट दिवसाकडे पाहून निवडते. आणि तो दिवस वाईट होतो तो बहुधा तापमानामुळे होत नाही, रस्त्यामुळे होतो. तापमान निसर्गाचे असते, रस्ता पालिकेचा. दाव्याचा दुसरा भाग आधी तपासू, कारण पहिला त्याच्यावर उभा आहे.

१. थंडीचा हिशेब

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवण्यात जातो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. बसथांब्यावर उभा असलेला माणूस उणे पाच अंशांत कुडकुडतो, पण त्याच हवेत सायकल चालवणारा दहा मिनिटांत कोटाची चेन खाली ओढतो. म्हणूनच रोज सायकल चालवणारे उत्तरेकडचे लोक घरातून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालतात. खरा त्रास होतो तो बोटांना, कानांना आणि पावलांना, आणि त्यावर हातमोजे, कानटोपी आणि लोकरीचे मोजे हा साधा इलाज आहे. उन्हाळ्याचे असे नाही. थंडीत कपडे चढवता येतात. उन्हात ते एका मर्यादेपलीकडे उतरवता येत नाहीत. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर सायकलीला थंडी अनुकूल म्हणावी लागेल.

थंडीचे तोटे नाहीत असे नाही. उणे दहा अंशांतली हवा वीस अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते, त्यामुळे तेवढाच जोर लावून वेग कमी मिळतो. टायरमधला दाब उतरतो, ग्रीस घट्ट होते, रस्त्यावर टाकलेले मीठ चेन खाते, विजेच्या सायकलीची बॅटरी लवकर संपते. अंधार हा त्याहून मोठा अडथळा. पण या सगळ्या कटकटी आहेत, मनाई नाही. मोटारीची बॅटरीही थंडीत बसते, तिच्या काचेवरचा बर्फही खरवडावा लागतो. तेवढ्यावरून मोटार हे उन्हाळी वाहन आहे असे कोणी म्हणत नाही.

जॉन पुचर आणि राल्फ ब्यूलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेची तुलना केली. कॅनडाची हवा कितीतरी थंड, तरी तिथले लोक अमेरिकनांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात सायकल वापरत होते. सर्वांत बोलके उदाहरण दोन टोकांचे होते. उत्तर ध्रुवाकडे सरकलेल्या युकॉन प्रदेशात सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण सदाबहार कॅलिफोर्नियाच्या दुपटीहून अधिक निघाले. हवामानच निर्णायक असते तर हे आकडे उलटे असायला हवे होते.

२. अडवतो तो रस्ता

मग हिवाळ्यात सायकल थांबते कशाने? निसरड्या आणि तुटक रस्त्याने. हे पाहायचे तर फिनलंडमधल्या औलू शहरात पाहावे. सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांश. आर्क्टिक वृत्त तिथून दोनशे किलोमीटरही नाही. डिसेंबरच्या ऐन मध्यात दिवसाचा उजेड साडेतीन तासांच्या आसपास असतो आणि बर्फ पाच-पाच महिने हलत नाही. लोकसंख्या दोन लाखांवर. या शहरात सुमारे ९०० किलोमीटरचे सायकल मार्ग आहेत, मोठे रस्ते चुकवणारे तीनशेवर भुयारी मार्ग आहेत, आणि यातले जवळजवळ सगळे जाळे हिवाळ्यातही चालू ठेवले जाते. तिथल्या मेट्सोकांगास शाळेत हजारावर मुले आहेत, आणि कडाक्याच्या थंडीतही त्यांतली बहुतेक सायकलने किंवा पायी येतात. सायकलींवर चढलेला बर्फ आणि शाळेसमोरच्या रांगा यांची छायाचित्रे जगभर फिरली. पाहणाऱ्यांनी मुलांच्या काटकपणाचे कौतुक केले, पण पहाटे त्या वाटेवरून गेलेल्या यंत्राकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्या यंत्राचे काम समजून घेण्यासारखे आहे. औलूत सगळा बर्फ खरवडून काढत नाहीत. वरचा भुसभुशीत थर बाजूला सारतात, खालचा दाबून टणक करतात, त्यावर दात्यांनी रेघा पाडतात आणि गरज पडेल तिथे बारीक खडी टाकतात. मीठ टाळतात, कारण उणे दहाच्या खाली साधे मीठ जवळजवळ निकामी ठरते. तापमान महिनोन्‌महिने गोठणबिंदूच्या खालीच राहत असल्यामुळे हा टणक बर्फ रस्त्याचेच काम करतो.

कोपनहेगनची अडचण अगदी वेगळी आहे. तिथला हिवाळा शून्याच्या आसपास घुटमळतो. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठते आणि सकाळी त्याची काच झालेली असते. तिथे औलूची पद्धत लावली तर हाडे मोडतील. म्हणून तिथे सायकल मार्ग प्राधान्याने साफ होतात, त्यावर मीठ पडते, आणि पालिकेच्या हिशेबाने सायकल वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक हिवाळ्यातही ती सोडत नाहीत. स्वीडनमधल्या लिंकोपिंग शहराने फिरत्या ब्रशने बर्फ झाडून त्यामागून मिठाचे पाणी फवारण्याची पद्धत अजमावली. पुढे स्टॉकहोमने ती उचलली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘हिवाळा’ असा एकच नसतो. या प्रत्येक शहराने आपल्या हिवाळ्याचा स्वतंत्र अभ्यास केला आणि त्याला लागू पडेल तो उपाय शोधला. तसा अभ्यास न केलेली शहरे थंडीवर खापर फोडून मोकळी होतात.

३. चार महिन्यांनी बारा महिने ठरतात

आता मूळ मुद्दा. हिवाळ्यात सायकली कमी होतात, तेव्हा हिवाळ्यातल्या व्यवस्थेवर खर्च कशाला, हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो एका चुकीच्या मोजमापावर उभा आहे. त्यातली पायरी-पायरी अशी.

पहिली पायरी : मोटारीचा बराचसा खर्च ती चालवण्याआधीच झालेला असतो. किंमत, कर्जाचे हप्ते, विमा, कर, उभी करायची जागा हे सगळे मोटार दारात उभी राहिली तरी भरावे लागते. पेट्रोल हा त्यावरचा तुकडा.

दुसरी पायरी : ज्या कुटुंबाला वर्षातले तीन-चार महिने सायकलीचा भरवसा नाही आणि बसही धड नाही, त्याला त्या महिन्यांसाठी दुसरे वाहन घ्यावेच लागते. मोटार काही तीन महिन्यांपुरती विकत मिळत नाही.

तिसरी पायरी : एकदा ती दारात आली की प्रत्येक फेरीचा जादा खर्च किरकोळ वाटू लागतो. पैसे भरलेलेच आहेत, मग वापरा. जानेवारीसाठी घेतलेली मोटार मे महिन्यातही बाहेर निघते.

चौथी पायरी : म्हणजे न काढलेला बर्फ हिवाळ्यातल्या फेऱ्या तर खातोच, उन्हाळ्यातल्याही खातो. हिवाळ्यात किती सायकली दिसल्या यावरून हिवाळ्यातल्या व्यवस्थेचे मोल काढणे म्हणूनच फसवे आहे. तिचे मोल न घेतलेल्या मोटारींत आहे, आणि न घेतलेली मोटार कोणत्याच चौकात मोजता येत नाही.

हाच न्याय दिवसांना आणि अंतरालाही लागतो. आठवड्यातले चार दिवस बर्फ वेळेवर निघाला आणि पाचव्या दिवशी निघाला नाही, तर नोकरदार माणूस पाचही दिवसांसाठी दुसरी सोय पाहतो, कारण तो पाचवा दिवस कोणता हे त्याला आदल्या रात्री माहीत नसते. सहा किलोमीटरच्या वाटेवर दोनशे मीटरचा तुकडा साफ नसेल तर उरलेली सफाई वाया जाते. मधोमध दहा फूट तुटलेल्या पुलाला कोणी नव्वद टक्के पूल म्हणत नाही. भरवसा हा सरासरीने मिळत नसतो.

४. कोणाचा बर्फ आधी?

बर्फ सगळीकडे एकाच वेळी काढता येत नाही. क्रम लावावा लागतो. हा क्रम वरकरणी यंत्रे, इंधन आणि कामगारांच्या पाळ्यांचा वाटतो, पण त्यात शहराचे राजकारण स्वच्छ दिसते.

स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या लहान शहरात २०११ च्या सुमारास पालिकेने आपली कामे स्त्री-पुरुष समानतेच्या कसोटीवर तपासायला घेतली. बर्फ काढण्यात कसला आलाय भेदभाव, असाच सुरुवातीचा सूर होता. पण क्रम पाहिला तर आधी मोठे मोटाररस्ते आणि शेवटी पदपथ आणि सायकल मार्ग. मोटारीने थेट कामावर जाणाऱ्यांत पुरुष अधिक होते. मुलाला पाळणाघरात सोडून, वाटेत सामान घेऊन, पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक. दहा सेंटिमीटर बर्फातून मोटार निघून जाते, बाबागाडी निघत नाही. घसरून पडणाऱ्यांतही पायी चालणारेच जास्त. पालिकेने क्रम उलटा केला. खर्च जवळपास तेवढाच राहिला, फक्त कोणी वाट पाहायची हे बदलले.

हा बदल जिथे झालेला नाही तिथे आणखी एक गोष्ट सर्रास घडते. रस्त्यावरचा बर्फ ढकलून नेमका सायकल मार्गावर ढीग घालतात. तो ढीग आकाशातून पडलेला नसतो, एका नागरिकाची सोय दुसऱ्याच्या वाटेवर टाकलेली असते.

स्टॉकहोमचे उदाहरण इथे समोर केले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. तिथेही असाच क्रम स्वीकारला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये विक्रमी बर्फ पडला, शहर थबकले आणि सगळा राग या धोरणावर निघाला. पण त्या महिन्यात शतकभरात पडला नव्हता एवढा बर्फ एकाच वेळी कोसळल्यावर कोणताही क्रम कोलमडला असता. त्या घटनेतून निघणारा धडा एवढाच, की कागदावर क्रम बदलून भागत नाही. अरुंद वाटांवर चालणारी छोटी यंत्रे आणि माणसेही तेवढी लागतात.

५. आक्षेप आणि उत्तरे

‘हे त्यांच्या संस्कृतीत आहे.’ हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप आणि सर्वांत कच्चा. डेन्मार्कमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत मोटारी वाढल्या तशा सायकली झपाट्याने घटल्या. १९७३ चे तेलसंकट आले, मोटारबंदीचे रविवार आले, दशकाच्या शेवटी सायकलस्वारांचे मोठे मोर्चे निघाले, मार्ग बांधले गेले आणि सायकली परतल्या. या सगळ्या काळात डॅनिश लोक तेच होते आणि हिवाळाही तोच. जे बदलले नाही ते बदलाचे कारण असू शकत नाही. संस्कृती हे अनेकदा जुन्या अर्थसंकल्पांचेच नाव असते.

‘हे धोक्याचे आहे.’ आहे, आणि म्हणूनच हा सारा खटाटोप. स्वीडनमध्ये गंभीर जखमी होणाऱ्या सायकलस्वारांपैकी बहुसंख्य लोक कोणत्याही वाहनाची धडक न बसता, स्वतःच पडून जखमी होतात. बर्फ, सुटी खडी आणि खराब पृष्ठभाग ही त्यातली मोठी कारणे. म्हणजे धोका मुख्यतः देखभालीचा आहे. खिळे बसवलेले टायर मदत करतात, पण प्रत्येकाने स्वतःपुरते टायर घ्यावेत हा पालिकेच्या जबाबदारीला पर्याय होत नाही.

‘म्हातारे, आजारी, अपंग यांचे काय?’ हा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येकाने उणे दहात सायकल चालवावी असे कोणी म्हणत नाही आणि म्हणू नये. पण ज्या सपाट, साफ, उजेड असलेल्या वाटेवरून दहा वर्षांचे मूल सायकलने जाते, तिच्यावरून काठी टेकत जाणारी आजीही जाते आणि चाकाची खुर्चीही. निसरडी वाट सर्वांत आधी याच लोकांना घरात डांबते. शिवाय जे लोक सायकलकडे वळतात ते बसमधली आणि रस्त्यावरची जागा मोकळी करतात, ज्यांना खरोखर मोटार लागते त्यांच्यासाठीसुद्धा.

‘त्यापेक्षा बस सुधारा.’ अवश्य सुधारा. ज्या दिवशी सायकल नको वाटते त्या दिवशी चांगली बस असणे ही सायकलीची सर्वांत मोठी हमी आहे. दोघींपैकी एक नेहमी हाताशी असेल तरच घरात मोटार आणण्याचा मोह टळतो. हा आक्षेप माझ्या युक्तिवादाला छेद देत नाही, तो पुरा करतो.

६. पुण्याचा डिसेंबर

या सगळ्याची उलट तपासणी करायची असेल तर परदेशात जायची गरज नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे किमान तापमान साधारण ११-१२ अंश असते आणि दुपार तिशीच्या आत राहते. पाऊस नाही, घाम नाही, बर्फाचे तर नावच नको. हवेवर सायकल ठरत असती तर डिसेंबरात पुण्याचे रस्ते सायकलींनी भरून वाहायला हवेत.

तसे होत नाही. पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याकडे किंवा कात्रजच्या घाटाकडे निघालेले गट दिसतात. ते घरी परततात, आंघोळ करतात आणि मोटार किंवा स्कूटर काढून कामावर जातात. त्यांच्याकडे सायकल आहे, ताकद आहे, आवड आहे, हवाही साथ देते आहे, तरी कामाच्या वेळी ते सायकल घेत नाहीत. त्याच वेळी रखवालदार, पेपरवाले, बांधकामावरचे मजूर कडेकडेने जुन्या सायकली रेटत असतात, कारण त्यांना पर्याय नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शेती आणि घरगुती उद्योगांबाहेरच्या कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात असल्याची नोंद आहे. यातल्या बहुतेकांसाठी सायकल ही निवड नसते. हवामानाची तक्रार करण्याची चैनही त्यांना परवडत नाही.

हेच पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीला पालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. ऊन-पावसाचे चक्र तेव्हाही हेच होते. बदलले ते रस्त्यावरच्या वेगाचे प्रमाण, अंतरे, आणि जागेचे वाटप. पुढे सायकल मार्ग आले, पण त्यांवर दुचाक्या उभ्या राहिल्या, मध्येच झाडाचा बुंधा, विजेचा डबा किंवा चेंबरचे उंच झाकण आले, आणि चौक आला की मार्ग गायब झाला. २०१७ च्या अखेरीस पालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांतच गुंडाळल्या गेल्या. सायकली आल्या, पण भरवशाची सलग वाट आली नाही.

आपल्या हिवाळ्याची एक अडचण मात्र खरी आहे, ती थंडीची नसून हवेतल्या धुळीची आहे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही आणि धूर, धूळ खालीच साचते. दिल्लीत ते डोळ्यांना दिसते, पुण्या-मुंबईतही आता जाणवते. सायकल चालवणारा खोल श्वास घेतो, म्हणून त्याला याचा फटका अधिक. पण त्या धुरात वाहनांचाही वाटा आहे. धूर सोडणारे वाहन घ्या कारण हवेत धूर आहे, हा सल्ला स्वतःच्याच शेपटीला चावणारा आहे.

७. आपला हिवाळा जूनमध्ये येतो

मग महाराष्ट्राने औलूकडून काय घ्यायचे? बर्फाचे यंत्र तर नक्कीच नाही. घ्यायचा तो प्रश्न विचारण्याचा क्रम : आपल्या वर्षातला सर्वांत वाईट दिवस कोणता, आणि त्या दिवशी हा मार्ग चालू राहील का?

आपल्याकडे तो दिवस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. मोटारीचे आणि दुचाकीचे सारे निर्णय घरात पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून होतात. पाऊस अंगावर पडतो याची तक्रार मोठी नाही. रेनकोट आहे, मडगार्ड आहे. माणूस सायकल सोडतो ते पाण्याखाली खड्डा आहे की उघडे चेंबर हे कळत नाही म्हणून, कडेला साचलेल्या चिखलामुळे रस्त्याच्या मध्यावर, वेगाच्या तोंडी जावे लागते म्हणून, दिवे गेलेले असतात म्हणून. बर्फाच्या जागी गाळ आणि पाणी ठेवा, औलूचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. पाणी कुठे साचते याचा प्रत्येक शहराने स्वतःचा अभ्यास करायचा, सायकल मार्गाचा उतार आणि गटाराची जाळी त्यानुसार बसवायची, आणि पावसानंतर गाळ आधी कुठला उचलायचा याचा लेखी क्रम ठरवायचा. तसा क्रम नसेल तर मोटाररस्ता आधी आणि कडेची वाट कधीच नाही, हा न लिहिलेला क्रम आपोआप लागू होतो.

आपल्याकडे सायकल मार्गांची उद्घाटने कोरड्या हवेत होतात, फिती सकाळच्या कोवळ्या उन्हात कापल्या जातात आणि यशाचे मोजमाप किलोमीटरमध्ये होते. हे तिन्ही निकष बदलले पाहिजेत. सायकल मार्ग जुलैतल्या मुसळधार दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीनंतर तपासावा. त्याची लांबी न मोजता तो किती दिवस अखंड चालू राहिला ते मोजावे. आणि बांधकामाच्या निविदेसोबत देखभालीची वार्षिक तरतूद नसेल तर ती निविदा मंजूरच करू नये. तुमच्या प्रभागात नवा सायकल मार्ग होणार असेल तर नगरसेवकाला रंग आणि रुंदी विचारत बसू नका. पावसाळ्यात तो साफ कोण करणार, किती तासांत करणार आणि त्यासाठी किती पैसे ठेवले आहेत, एवढेच विचारा. उत्तर मिळाले नाही तर तो मार्ग वाहतुकीसाठी बांधलेला नाही असे खुशाल समजा.